विहीर, बोअर अन् गावाचं पाणी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गेली काही वर्षं मी आमच्या गावातल्या बारा विहिरींचं पाणी दर महिन्याला टेपनं मोजतो, त्यामुळे लोक भेटले की पाण्याचंच विचारतात, टपरीवर, बाजाराच्या दिवशी, लग्नाच्या पंगतीतसुद्धा. तेच तेच प्रश्न येतात म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतोय. आमचं गाव अमरावतीकडचं, संत्र्याच्या पट्ट्यातलं. पण सोयरेधायरे खारपाणपट्ट्यात, म्हणजे पूर्णेकाठच्या खाऱ्या पाण्याच्या भागात आहेत, यवतमाळात आहेत, भंडाऱ्याकडेही आहेत, त्यामुळे तिकडचे प्रश्नही घेतलेत.

पाऊस तर यंदा बरा झाला, मग विहीर फेब्रुवारीतच तळाला कशी गेली?

कारण आपल्या पायाखालचं भांडं लहान आहे. महाराष्ट्राचा ८२ टक्क्यांच्या आसपास भाग काळ्या पाषाणाचा, बेसाल्टचा, आणि पश्चिम विदर्भातली बहुतेक गावं त्याच्यावरच बसलीत. वर माती, खाली मुरूम, त्याखाली भेगाळलेला खडक, आणि मग पक्का पाषाण. पाणी राहतं ते मुरमात अन् भेगांत. शंभर घनफूट असा खडक घेतला तर त्यातून हाती येणारं पाणी साधारण दोन घनफूट धरा, कुठं एक, कुठं तीन. म्हणजे पावसाचं नुसतं २० मिलिमीटर पाणी जमिनीत मुरलं की विहिरीची पातळी एक मीटर वर येते. आता हेच उलटं करून बघा, तेवढंच उपसलं की एक मीटर खाली. म्हणून पोळ्याला विहीर काठोकाठ दिसते अन् वाटतं की यंदा काळजी मिटली, अन् शिवरात्रीला बादली तळाला आपटते.

त्यात पावसाची तऱ्हा बदलली. २०२३ चंच घ्या, २२ जुलैला यवतमाळच्या महागाव तालुक्यात आनंदनगरला लोक पुरात अडकले, हवाई दलाची हेलिकॉप्टरं बोलवावी लागली, अन् त्याच वर्षीचा ऑगस्ट देशात १९०१ पासूनचा सगळ्यात कोरडा ऑगस्ट ठरला. एका दिवसात २०० मिलिमीटर पडलं तर ते नाल्यातून नदीत जातं, जमिनीला प्यायला वेळच मिळत नाही. तेच पाणी महिनाभर झिमझिम पडलं असतं तर विहिरीत आलं असतं.

बोअर किती फूट मारावं? ८०० फुटांवर नक्की लागेल का?

नक्की कोणीच सांगू शकत नाही, आणि जो सांगतो त्याच्यावर पैसे लावू नका. आपल्या खडकात वरच्या थरात पाणी साठतं. खाली गेलं की मिळते ती एखादी भेग, लागली तर लागली. अन् खोल भेगेतलं पाणी पुन्हा भरायला किती वर्षं लागतील याचाही नेम नाही.

आमच्या भाऊजींच्या बागेत हेच झालं. संत्र्याची झाडं ऐन भरात, विहीर आटली, म्हणून बोअर मारलं. पहिलं ६०० फूट, कोरडं. दुसऱ्याला थोडं लागलं अन् दोन उन्हाळ्यांत संपलं. तिसऱ्याच्या रात्री मी तिथंच होतो. गाडीच्या लाइटात काळ्या भुकटीचा ढग उडत होता, मध्ये एक लाल गेरूचा थर आला, पुन्हा काळी भुकटी. भाऊजी दर काही फुटांना खाली वाकून मूठभर भुकटी उचलायचे अन् तळहातावर चोळून बघायचे, ओलावा लागतो का म्हणून. पहाटेपर्यंत हात कोरडेच राहिले. ९०० फुटांचं बिल झालं, त्या मे महिन्यात टँकरनं पाणी घालूनही निम्मी बाग वाळली, अन् कर्ज अजून फिटतंय. हे लिहिताना मला वाईट वाटतं, पण लिहिलं नाही तर पुढचा माणूस चौथं बोअर मारेल.

वरूड, मोर्शीकडे अशी रात्र न पाहिलेलं घर शोधावं लागेल. तिथले कितीतरी पाणलोट अतिशोषित म्हणून सरकारदरबारी नोंदले गेलेत, ज्याला आपण डार्क झोन म्हणतो. त्याचा हिशोब असा: वर्षभरात जेवढं पाणी जमिनीत उपशाजोगं येतं त्याच्या ७० टक्क्यांपर्यंत उपसा असला तर सुरक्षित, ७० ते ९० अंशतः शोषित, ९० ते १०० शोषित, आणि शंभराच्या वर गेला की अतिशोषित.

नारळवाल्या पाणाड्याला बोलवावं का?

लोक श्रद्धेनं बोलावतात, मी कोणाचं मन दुखवत नाही, पण नारळ उभा राहण्याचा अन् खालच्या पाण्याचा काही संबंध सिद्ध झालेला नाही. त्यापेक्षा भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा कार्यालयात जा, तिथं भूवैज्ञानिक असतात, जमिनीत वीज सोडून खडकाचा अंदाज घेणारं मशीन असतं. त्यांचाही अंदाज चुकू शकतो, पण तो कशावरून काढला ते विचारता येतं.

माझं वावर, माझं बोअर. यात गावाचा काय संबंध?

सगळ्यात जास्त भांडणं ज्याच्यावरून होतात तो हा प्रश्न, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

जमीन ज्याची त्याचं खालचं पाणी, ही समजूत इंग्रजांच्या काळातली आहे. १८८२ च्या सुविधाधिकार कायद्यात जमीनमालकाला आपल्या जमिनीखालचं पाणी काढायचा हक्क मानला गेला. तेव्हा मोटेनं पाणी काढायचे, दोन बैलांच्या ताकदीनं जेवढं निघेल तेवढंच, त्यामुळे कोणाचं कोणाला फारसं नडलं नाही. आता साडेसात एचपीची मोटर अख्ख्या शिवाराची विहीर एका हंगामात उतरवू शकते. पाण्याला तुमचा धुरा, म्हणजे बांध, समजत नाही. तुम्ही उपसता ते पाणी काल वरच्या अंगाच्या वावरात मुरलेलं असतं, अन् उद्या खालच्याच्या विहिरीत जाणारं असतं.

म्हणून महाराष्ट्रानं कायदा केला, महाराष्ट्र भूजल (विकास व व्यवस्थापन) अधिनियम २००९. नावात २००९ असलं तरी लागू व्हायला २०१४ उजाडलं. त्यात राज्याचं प्राधिकरण आहे, पाणलोट जलसंपत्ती समित्या आहेत, विहिरींची अन् बोअरच्या गाड्यांची नोंदणी आहे, अधिसूचित भागात भूजल वापराचा आराखडा अन् त्याप्रमाणे पिकांचं नियोजन करायची तरतूद आहे. ६० मीटरच्या म्हणजे साधारण २०० फुटांच्या खालची ती खोल विहीर, आणि शेतीसाठी अशी नवी खोल विहीर घ्यायला बंदी. तरी आपल्याकडे ७००, ८०० फूट रोज मारले जातात अन् कोणी विचारत नाही. कायदा कागदावर चांगला आहे, गावात उतरलेला नाही. तो उतरवायचा तर सुरुवात ग्रामसभेतून करावी लागेल असं माझं मत आहे, कारण रात्री अकराला शिवारात बोअरची गाडी शिरली हे तालुक्याच्या साहेबाला कळणार नाही, आपल्याला कळतं.

शेजाऱ्यानं बोअर मारलं अन् माझी विहीर गेली. असं खरंच होतं का?

होतं. दोन कारणांनी होतं. एक तर तो अन् तुम्ही एकाच भांड्यातून पिताय. दुसरं कमी लोकांना माहीत असतं: बोअरला केसिंग, म्हणजे भोकाच्या वरच्या भागातला पाइप, पुरेसं खोल टाकलं नाही तर वरच्या मुरमातलं पाणी त्या भोकातूनच खाली झिरपून जातं, म्हणजे त्याचं बोअर कोरडं निघालं तरी तुमच्या विहिरीचं पाणी जाऊ शकतं! म्हणून कोरडं निघालेलं बोअर उघडं सोडू नका, माती-मुरूम भरून वरून पक्कं बंद करा. लेकरं पडण्याचा धोका आहे तो वेगळाच.

भांडणाआधी एक करा, दोघांच्या विहिरीचं पाणी आठवडाभर सकाळ-संध्याकाळ मोजा, त्याची मोटर चालू असताना अन् बंद असताना. आकडे समोर असले की आवाज खाली येतो.

गावाच्या पिण्याच्या विहिरीजवळ कोणी बोअर मारत असेल तर?

तिथं थांबवता येतं. सार्वजनिक पिण्याच्या स्रोतापासून ५०० मीटरच्या आत नवी विहीर-बोअर घ्यायची नाही हा नियम १९९३ च्या पिण्याच्या पाण्याच्या कायद्यापासून आहे. ग्रामपंचायतीचा ठराव घ्या, तहसीलदाराकडे लेखी अर्ज द्या, एक प्रत जिल्ह्याच्या वरिष्ठ भूवैज्ञानिकाला द्या, अन् पोच घ्यायला विसरू नका. तोंडी सांगितलेलं कुठंच राहत नाही. आमच्याकडे एकदा अर्ज दिला तर संबंधित कार्यालयानं दोन महिने काहीच केलं नाही, तोवर बोअर होऊन मोटरही पडली. दुसऱ्या वेळी अर्जासोबत ठराव, नकाशावर मोजलेलं अंतर अन् फोटो जोडला, तेव्हा काम थांबलं.

विहीर मोजायची कशी? त्याला शिक्षण लागतं का?

काही लागत नाही. मेजरिंग टेप घ्या, टोकाला जड लोखंडी नट बांधा, हळूहळू सोडा. पाण्याला लागला की टप्प असा आवाज येतो, तिथं टेप काठाशी धरा, आकडा वाचा, त्यातून काठाची जमिनीपासूनची उंची वजा करा. झालं. पहाटे मोजा, मोटरी सुरू व्हायच्या आधी, कारण उपसा सुरू असताना मोजलेला आकडा फसवतो. अन् दरवेळी काठावरच्या त्याच खुणेवरून मोजा, आम्ही ऑइलपेंटनं लाल टिकली लावलीय.

भूजल यंत्रणा आपल्या निरीक्षण विहिरी वर्षातून चारदा मोजते, जानेवारी, मार्च, मे अन् ऑक्टोबरमध्ये. तुम्ही निदान तेवढं तरी करा. यंदाचा ऑक्टोबर मागच्या ऑक्टोबरशी ताडून बघायचा, मेशी नाही.

पाण्याचा ताळेबंद म्हणतात तो काय असतो?

घरातला जमाखर्च असतो तसाच. फक्त एक आकडा पाठ करा: एका एकरात एक इंच पाणी उभं केलं म्हणजे एक लाख लिटर. यावरून सगळं निघतं.

गव्हाला पाच-सहा पाणी द्यावी लागतात, प्रत्येक पाणी दोन-अडीच इंचाचं, म्हणजे एकरी बारा-तेरा लाख लिटर तरी गेलं. हरभरा दोन पाण्यात येतो, चार-पाच लाखात भागतं. आता पिण्याचं बघा. जल जीवन मिशनच्या हिशोबानं माणशी रोज ५५ लिटर. हजार माणसांच्या गावाला वर्षभर किती लागेल? दोन कोटी लिटर. म्हणजे पंधरा-सोळा एकर गहू जेवढं पाणी पितो तेवढ्यात अख्ख्या गावाचं वर्ष निघतं! पहिल्यांदा हे ग्रामसभेत फळ्यावर मांडलं तेव्हा थोडा वेळ कोणी बोललंच नाही. मग मागं बसलेल्या एक काकू म्हणाल्या, “मंग आमी मे महिन्यात कायले दोन कोस जातो?”

त्या प्रश्नाला उत्तर नव्हतं कोणाकडे. त्या वर्षी गावच्या पाण्याची टाकी ज्या विहिरीवरून भरते तिच्या वरच्या अंगाला ज्यांची वावरं आहेत त्यांनी गहू सोडून हरभरा घेतला, सगळ्यांनी नाही, सहा जणांनी. त्यांच्यावर जबरदस्ती नव्हती, अन् त्या उन्हाळ्यात टँकर आला पण मागच्या वर्षीपेक्षा उशिरा आला. एवढंच झालं, मी वाढवून सांगत नाही.

हे कधी करायचं? २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेला. तोवर पावसाचा अंदाज आलेला असतो, विहिरीची पातळी कळलेली असते, अन् रब्बीची पेरणी व्हायची असते. २६ जानेवारीला हा विषय काढून उपयोग नाही, तोवर गहू गुडघ्याला आलेला असतो.

ठिबक लावलं की पाणी वाचतं ना?

एकरी वाचतं. पण वाचलेल्या पाण्यावर आणखी दोन एकर ओलित वाढवलं तर विहिरीला काय मिळालं? ठिबक जरूर लावा, अनुदान आहे, घ्या, फक्त क्षेत्र तेवढंच ठेवायचं हेही ठरवा.

सोलर पंप घ्यावा का? वीज फुकट आहे मग काळजी कशाची?

घ्या. रात्री साप-विंचवात मोटर चालू करायला जायचं बंद होतं हेच मोठं सुख आहे. मागेल त्याला सौर कृषी पंप योजनेत १० टक्के भरावे लागतात, अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्याला ५ टक्के. साडेसात एचपीपर्यंतच्या शेतीपंपाचं वीजबिलही २०२४ पासून सरकार भरतंय. दिलासा आहेच, पण आधी बिलाच्या भीतीनं तरी मोटर बंद व्हायची, आता ती ब्रेकही गेली. म्हणून जिथं पातळी दरवर्षी उतरतेय तिथं मोटर किती तास चालवायची हे गावानं मिळून ठरवणं पूर्वीपेक्षा जास्त गरजेचं झालंय.

शेततळ्यात बोअरचं पाणी भरून ठेवलं तर?

ते करू नका. जमिनीखाली सावलीत असलेलं पाणी वर काढून उन्हात ठेवायचं झालं ते. मे महिन्यात आपल्याकडे दिवसाला साधारण एक सेंटीमीटर पाणी उडून जातं, म्हणजे तीस बाय तीस मीटरच्या तळ्यातून रोज नऊ हजार लिटर. शेततळं पावसाच्या वाहत्या पाण्यासाठी आहे.

नाला खोलीकरण चांगलं की वाईट?

जागा बघून. गाळ काढला, मुरमापर्यंत गेलं, वरच्या अंगाला बांधबंदिस्ती केलेली असली तर फायदा होतो. पण जेसीबी मिळाली म्हणून मुरूम खरवडून पार पाषाणापर्यंत नाला खोल केला तर दोन्ही काठांच्या विहिरींतलं पाणी उलट नाल्यात उतरतं अन् वाहून जातं. माथ्यापासून पायथ्याकडे यायचं, हे २०१६ च्या पहिल्या वॉटर कपमध्ये, म्हणजे पानी फाउंडेशनच्या गावागावांच्या जलसंधारण स्पर्धेत, वरूड तालुक्यातल्या गावांनी श्रमदानातून शिकून घेतलं. सगळीकडे ते टिकलं नाही, कारण पाणी मुरवायला खणलेले चर भरत जातात अन् पुढच्या वर्षी गाळ काढायला कोणी येत नाही.

आम्ही खारपाणपट्ट्यात राहतो, आम्ही काय करावं?

तुमचं दुखणं वेगळं आहे. पूर्णेच्या दोन्ही अंगाला, अमरावती, अकोला, बुलढाण्याच्या भागात, जमिनीखाली पाणी आहे पण खारं. तिथं खोल बोअर हा उपाय नाहीच, अन् ते खारं पाणी पिकाला देत राहिलं तर काळी माती चोपण होते, वर पापुद्रा धरते, पाणी आत घेत नाही. तुमच्याकडे जमिनीखालच्यापेक्षा आभाळातलं पाणी महत्त्वाचं: शेततळं, रुंद सरी-वरंबा, घरावरचं पाणी. ५०० चौरस फुटांच्या टिनावर ८०० मिलिमीटर पाऊस पडला तर ३७ हजार लिटर होतं, गळती-सांडणं धरूनही तीस हजार हाती लागतं. चार माणसांच्या नुसत्या पिण्या-रांधण्याला ते वर्ष काढतं. पहिल्या एक-दोन पावसांचं पाणी सोडून द्या, छत धुऊन निघू द्या. पोकरा योजनेत, म्हणजे नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पात, या पट्ट्यातली गावं २०१८ पासून मुद्दाम वेगळी घेतलीत, कृषी सहायकाला तुमच्या गावाचं विचारा.

हातपंपाचं पाणी स्वच्छ दिसतं, तरी पोरांचे दात पिवळे का?

फ्लोराईड असू शकतं. यवतमाळात पांढरकवडा, वणी, मारेगाव, झरी जामणीकडे हे फार आहे, चंद्रपुरातही आहे. पाणी काचेसारखं दिसतं, चवीला चांगलं लागतं, अन् तेच वर्षानुवर्षं पिऊन आधी दातांवर तपकिरी पट्टे येतात, मग सांधे धरतात, कंबर वाकते. मर्यादा लिटरमागे दीड मिलिग्रॅमची आहे. उकळून ते जात नाही, उलट पाणी उडून गेल्यानं आणखी घट्ट होतं, हे घरोघरी सांगा कारण अंगणवाडीतसुद्धा पाणी उकळून देतात अन् वाटतं की झालं. पाण्याची तपासणी करून घ्या. जल जीवन मिशनमध्ये प्रत्येक गावात पाच बायांना तपासणी किटचं ट्रेनिंग द्यायचं आहे, तुमच्या गावात त्या पाच कोण ते ग्रामपंचायतीत विचारा. खोल बोअरपेक्षा उथळ विहिरीत फ्लोराईड बऱ्याचदा कमी असतं, पण तपासल्याशिवाय धरून चालू नका. जिथं दूषित निघालं त्या हातपंपाला लाल रंग लावा, धुण्या-भांड्याला वापरा, पिऊ नका.

उथळ विहिरीत दुसरी भीती नायट्रेटची, उकिरडा अन् युरियातून येतं. मर्यादा ४५ मिलिग्रॅम. तान्ह्या लेकराच्या दुधात ते पाणी जाऊ देऊ नका.

आमच्याकडे तलाव आहेत, आम्हाला भूजलाचं काय?

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीकडचे मामा तलाव, म्हणजे माजी मालगुजारी तलाव, हेच तुमच्या विहिरींचं पोट आहे. कोहळी समाजानं ते बांधताना एकाचा सांडवा दुसऱ्यात अशी साखळी लावली. मालगुजारी, म्हणजे जुनी जमीनदारी, गेली, तलाव सरकारचे झाले, अन् गावाचा हात सुटला. आता गाळ, अतिक्रमण अन् बेशरमची झाडी. भंडारा-गोंदियाकडे बायांच्या गटांनी तलावात देशी पाणवनस्पती लावून मासोळी परत आणलीय, ते जाऊन बघण्यासारखं आहे. तलावात पाणी टिकलं की खालच्या आळीतली विहीर टिकते.

कोळसा खाणीच्या शेजारच्या गावांना मात्र एवढ्यानं भागत नाही, खाण कोरडी ठेवायला रात्रंदिवस पाणी उपसतात अन् विहिरी उतरतात. तिथं खाण सुरू व्हायच्या आधीपासूनची मोजणी हातात असणं फार कामाचं आहे.

ज्यांच्याकडे वावरच नाही त्यांचा यात आवाज कुठं?

खरं तर पाणी तुटलं की पहिला मार त्यांनाच. संत्रावाल्याकडे विहीर आहे, बोअर आहे, टँकरचे पैसे आहेत. गावाच्या टोकाला असलेल्या वस्तीला, अन् ती कोणाची असते ते सगळ्यांना माहीत आहे, नळ सगळ्यात शेवटी येतो, तोही मधल्या आळीतल्या टिल्लू पंपांनी ओढून घेतल्यावर. बाबासाहेबांनी २० मार्च १९२७ ला चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं, अन् आजही वस्तीतल्या बाईला विहिरीवर थांबून राहावं लागतं अशी गावं आहेत. हे लपवून पाण्याचं नियोजन होत नाही.

गाव पाणीपुरवठा समितीत निम्म्या बाया असायला हव्यात. सहीपुरत्या नकोत. आमच्याकडे बैठक संध्याकाळी सातला ठेवायचे, ती स्वयंपाकाची वेळ, बाया येणार कशा? दुपारी तीनला ठेवली तर येतात अन् बोलतात. टिल्लू पंप काढून टाकायचा ठराव त्यांनीच लावून धरला.

अटल भूजल योजनेत आमचं गाव येतं का?

ही योजना २५ डिसेंबर २०१९ ला सुरू झाली, सात राज्यांत, ६००० कोटींची. महाराष्ट्रातल्या १३ जिल्ह्यांपैकी विदर्भातले तीन: अमरावती, बुलढाणा, नागपूर. त्यातही निवडक ग्रामपंचायती. नसलं गाव त्यात तरी ताळेबंद मांडायला कोणाची परवानगी लागत नाही.

घरच्या विहिरीचं किंवा बोअरचं रिचार्ज करायचं असेल तर?

छताचं पाणी उत्तम. वावरातलं वाहतं पाणी सोडायचं असेल तर आधी खड्डा, त्यात मोठे दगड, मग गिट्टी, वर जाड रेती, त्यातून गाळून मगच विहिरीत. फवारणी केलेल्या वावरातलं पाणी थेट बोअरमध्ये कधीच सोडू नका, एकदा खाली गेलेलं विष काढता येत नाही. रेती दर उन्हाळ्यात धुवा.

आम्हाला सुरुवात करायची आहे, आधी काय करू?

गावाच्या वरच्या, मधल्या अन् खालच्या अंगाच्या मिळून आठ-दहा विहिरी निवडा, पिण्याची विहीर धरून. मालकाला विचारून काठावर लाल टिकली लावा. दहावी-बारावीची दोन पोरं-पोरी सोबत घ्या, त्यांना मोबाइलपेक्षा वहीत लिहायला लावा. अन् आकडे ग्रामपंचायतीच्या बाहेरच्या भिंतीवर लिहा, जिथं रेशनची रांग लागते तिथं. आमच्या भिंतीवर या महिन्यात बारापैकी चार विहिरींपुढं “कोरडी” लिहिलंय, अन् परवा त्यातल्या एका विहिरीचा मालक स्वतःहून विचारायला आला की पुढची ग्रामसभा कधी आहे.